निरोगी गाठ

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. १४ सप्टेंबर १९८४

चि. नंदिनी,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते थोडे हातचे राखून देतो आहे, कारण तुझ्याविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे.

गेल्या पत्रात तू मामीची चौकशी केलीस. कामाच्या बाळाबाईच्या गुडघ्याची केलीस. खालच्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या क्लासची केलीस, जो माझा जन्माचा वैरी आहे. गॅलरीतल्या कढीलिंबाची केलीस. आणि मग लिहिलंस, "बाकी वगैरे सगळे बरे ना?" मी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. माझं नाव कुठेही नाही. म्हणजे मी 'वगैरे'त. आयुष्यभर पोरांना संस्कृत शिकवून, दोन मुख्याध्यापक पचवून, शेवटी सख्ख्या भाचीच्या पत्रात माझी जागा कढीलिंबाच्या खाली.

आणि हे कुणाच्या बाबतीत? तर ज्याच्या टाचेवर तुझं सगळं संशोधन उभं आहे त्याच्या. एप्रिलमध्ये आलीस तेव्हा माझे पाय बादलीत भिजत घालून टाचेचे घट्टे ब्लेडने खरवडून तू बाटलीत भरून नेलेस, हे मी विसरलेलो नाही. खालच्या क्लासची पोरं जिन्यात उभी राहून बघत होती. मामाचे पाय धुऊन तीर्थ घेतात हे ऐकून होतो, पण कातडी नेल्याचं उदाहरण कुठल्याच ग्रंथात मला सापडलं नाही.

असो. आता तुझ्या दुसऱ्या मागणीविषयी. कुणाच्या अंगातली बिनआजाराची गाठ काढली गेली तर मला हवी, असं तू लिहिलंस. अशी मागणी राक्षस तरी करतात नाहीतर पीएचडीचे विद्यार्थी. पण योग बघ. तुझ्या मामीच्या मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती. दुखतखुपत नव्हती, म्हणून तिने ती पदराआड ठेवली होती. कोपऱ्यावरचे सर्जन डॉ. फक्रुद्दीन यांनी परवा जागा बधिर करून ती काढली. दिसायला साधी आहे म्हणाले. मग आपल्याकडची पद्धत असते तशी ती औषधाच्या पाण्यात बुडवून बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सर, लॅबमध्ये देऊन टाका." लॅब म्हटल्यावर मला एकच आठवली, जिच्या मालकिणीला मी खांद्यावर बसवून रंकाळा दाखवला ती. घरचा वैद्य असताना दारोदार कशाला फिरायचं?

बाटली इकबालबरोबर पाठवतो आहे. हा माझा जुना विद्यार्थी. संस्कृतात पस्तीस टक्के, व्यवहारात शंभर. चपलांचा माल घेऊन दर आठवड्याला मुंबईला येतो.

मामी खुशाल आहे. मानेला पट्टी आहे, पण जिभेला नाही.

तुझा,
(सध्या वगैरेत जमा) माधवमामा


मुंबई
दि. ९ ऑक्टोबर १९८४

ती. मामा,

साष्टांग नमस्कार, आणि तो एकट्या तुम्हालाच. कढीलिंबाला यातला वाटा नाही.

गाठ पोचली. इकबालभाईंनी ती स्वतःच्या डब्याच्या पिशवीतून आणली. गाडीत समोरच्या माणसाने बाटली बघून "पावणं, लोणचं कशाचं? वाईच द्या की," म्हणून पोळी पुढे केली म्हणे. इकबालभाई म्हणाले, "आंबलंय," आणि कराडपर्यंत बाटली मांडीखाली धरून बसले.

तुमच्या टाचेचं काय झालं ते सांगते, म्हणजे तुमची तक्रार मिटेल. आपल्या कातडीच्या पेशींना आकार देणारं एक प्रथिन असतं, केराटिन. तंबूला आतून दोऱ्या ताणलेल्या असाव्यात तसं ते पेशीला ताठ धरतं. टाचेच्या घट्ट्यात ते भरपूर. ते मी शुद्ध करून सशांना टोचलं. सशाच्या शरीराला ते परकं वाटतं, म्हणून त्याच्या रक्तात त्याला शोधून पकडणारं द्रव्य तयार होतं. तीच अँटीबॉडी. ती काढून तिला एक रंग जोडला की जिथे जिथे केराटिन असेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी रंग उमटतो. थोडक्यात, तुमच्या टाचेवर चिडलेले तीन ससे इथे पाळले आहेत.

पण अँटीबॉडी खरी की भोंदू हे कसं ठरवायचं? दोन साक्षीदार लागतात. एक कातडीचा तुकडा, तिथे रंग उमटलाच पाहिजे. आणि दुसरी निरोगी गाठ. मानेतल्या असल्या गाठी, म्हणजे लसीकाग्रंथी, सगळ्यांच्याच अंगात बारीक असतात; त्यांत केराटिन नसतं, म्हणून तिथे रंग उमटताच कामा नये. दोन्ही जुळलं की माझी अँटीबॉडी पास. मामींची गाठ हा माझा दुसरा साक्षीदार. इतकी चांगली निरोगी गाठ इथे मिळाली नसती. इथल्या सगळ्या गाठी आजारी माणसांच्या. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि म्हणावं तुमच्यामुळे माझी पीएचडी एका वर्षाने जवळ आली.

तुमची,
नंदिनी


राजारामपुरी, कोल्हापूर
दि. २२ ऑक्टोबर १९८४

चि. नंदिनी,

दिवाळीचे आशीर्वाद, यंदा फराळाइतकेच भरघोस.

तुझं पत्र आलं आणि या घरात जे झालं ते तुला कळायलाच हवं. 'निरोगी गाठ' हे शब्द मी तुझ्या मामीला वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले. मग पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं आणि पदराने डोळे टिपले. तेव्हा मला समजलं की गेले काही आठवडे ही बाई मनात काय घेऊन वावरत होती. तिच्या आईची एक बहीण म्हणे अशीच गाठ येऊन गेली होती. मला कधी बोलली नाही. मी आपला तिच्या मानेवरच्या पट्टीवर विनोद करत बसलेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नृसिंहवाडीला जाऊन आलो. नवस बोलली होती, तोही मला तिथेच कळला. पाण्याला ओढ होती, तरी तिने पायऱ्या उतरून पाय बुडवले. परत येताना शेजारीपाजारी वाटायला कवठाची बर्फी घेतली. बाळाबाईला दिली तर ती म्हणाली, "गाठ बरी निघाली व्हय? मला म्हाईतच हुतं. बाई काय आजारी पडनाऱ्यातली न्हाय." माझ्या वाट्याला सर्वांत लहान वडी आली. वगैरेतल्या माणसाला तेवढीच.

डॉ. फक्रुद्दीन रस्त्यात भेटले. रिपोर्ट काय आला विचारत होते. मी छाती काढून सांगितलं, आमची भाचीच डॉक्टर होते आहे मुंबईत, तिच्याच हाती सोपवली होती, गाठ निरोगी आहे म्हणून तिचं पत्र आलं आहे. ते म्हणाले, "वा, मग प्रश्नच मिटला. घरात डॉक्टर असणं भाग्याचं." मी हे वाक्य तुझ्यासाठी जपून आणलं आहे.

सशांना माझी टाच अजून आवडत नाही का, कळव. तुमच्या शास्त्रातला मराठी शब्द 'प्रतिपिंड' असा मी कोशात पाहिला. पिंड म्हटलं की माझ्यासारख्याला श्राद्धाच्या पानावर बसल्यासारखं वाटतं. तू अँटीबॉडीच म्हण.

तुझा,
माधवमामा


मुंबई
दि. २१ जानेवारी १९८५

ती. मामा,

नमस्कार. बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं.

माझी अँटीबॉडी भोंदू निघाली. कातडीवर उत्तम रंग आला. मग मामींच्या गाठीचा काप घेतला, तो कोरा राहायला हवा होता. तर त्यात मधूनच तपकिरी ठिपके, काही ठिकाणी तर पुंजकेच्या पुंजके. मी आधी समजले माझा हात चुकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमच्या बाई (माझ्या गाइड) म्हणाल्या, तुझ्या द्रव्यात भेसळ आहे, ते भलत्याच गोष्टी पकडतंय. मग ते गाळलं, धुतलं. ठिपके जागचे हलत नाहीत. शेवटी पहिल्या सशाचं सगळं द्रव्य मोरीत ओतलं. दुसऱ्या सशाचं घेतलं. त्याचंही तेच.

तीन महिने गेले, मामा. माझ्याबरोबरच्या मुलाचा पेपर छापून आला, आणि मी अजून साक्षीदाराशीच भांडते आहे. बाई रागावत नाहीत, नुसत्या चष्मा काढून पुसतात. ते जास्त लागतं. कधी कधी वाटतं मामींची गाठ मुद्दामच मला उलटी उत्तरं देते आहे.

त्यांना हे सांगू नका, उगाच वाईट वाटून घेतील.

तुमची,
नंदिनी


राजारामपुरी, कोल्हापूर
दि. ६ फेब्रुवारी १९८५

चि. नंदिनी,

आशीर्वाद, आणि यावेळी सोबत थोडं सांत्वनही.

तुझ्या मामीची गाठ उलट उत्तरं देते यात नवल ते काय? ती ज्या मानेतून आली तिथे मी सत्तावीस वर्षं हेच ऐकतो आहे. तिच्याकडून होकार हवा असेल तर आधी नकाराची तयारी दाखवावी लागते. गाठीलाही तसंच विचारून बघ.

पण थट्टा पुरे. मी तुझं पत्र दोनतीनदा वाचलं आणि शास्त्र कळत नसतानाही एक गोष्ट खटकली. आमच्या वेदान्तात दोरी आणि सापाचा जुना दृष्टान्त आहे. अंधारात दोरीवर साप दिसतो, दिवा आणला की भ्रम जातो. तुझं मात्र उलटंच. तू दिवा आणलास, त्यात साप दिसला, तर तू दिवा बदललास. दुसरा दिवा आणलास, पुन्हा साप दिसला, तोही दिवा वाईट. बाई गं, त्या दोरीची चौकशी कुणी केली का? माझ्या वर्गात असतीस तर तुला बाकावर उभी केली असती. तुमच्या शास्त्रात याचं उत्तर असेलच. आम्ही आपले पोथीतले.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मामीला सांगितलेलं नाही. एक किरकोळ गोष्ट: काल न्हाणं घालताना बाळाबाईने तिच्या मानेला हात लावून विचारलं, "बाई, ह्ये काय हाय ओ? हरभऱ्याएवढं लागतंय." पट्टी होती त्याच्याच खाली आणखी एक आली आहे. तुझी मामी हसली. म्हणाली, पहिली निरोगी होती तशी हीही असेल, एकाच आईच्या लेकी. मलाही तसंच वाटतं. डॉक्टरांना उगाच कशाला त्रास? तुला आणखी एक साक्षीदार हवा असेल तर मात्र आधी सांग, त्याच फेरीत काढून घेऊ.

तुझा,
माधवमामा


तार
मुंबई, ५ मार्च १९८५

मामींची गाठ तिकडे आणखी कुणी तपासली होती का. ताबडतोब तारेने कळवा. नंदिनी


तार
कोल्हापूर, ५ मार्च १९८५

कुणीही नाही. फक्त तू. काय झालं. माधव


मुंबई
दि. ६ मार्च १९८५

ती. मामा,

हे पत्र इकबालभाईंच्या हाती देते आहे, पोस्टावर सोडवत नाही. ते वाचताना तुम्ही खुर्चीत बसा. मामी जवळ असतील तर आधी गॅलरीत जा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी रागावले होते. दोरीची चौकशी म्हणे. मग रागानेच बाईंना म्हटलं, मला दुसरी गाठ मिळवून द्या, एकदाच दाखवून देते. एका अपघातात गेलेल्या तरुणाच्या शवविच्छेदनातून मानेतली तसलीच गाठ मिळाली. तिच्यावर तेच द्रव्य, तोच रंग. ती कोरी राहिली. एकही ठिपका नाही. पुन्हा केलं. कोरी.

म्हणजे माझी अँटीबॉडी पहिल्या दिवसापासून खरी होती.

बाईंनी विचारलं, ती पहिली गाठ कुठली? मी म्हटलं, माझ्या मामींची. बाई म्हणाल्या, "काढली कशासाठी होती?" मी म्हटलं, साधी होती. "कोण म्हणालं?" बाईंनी माझ्या हातातून कापाची काच घेतली आणि शेजारच्या हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजिस्टकडे स्वतः चालत गेल्या. मी मागे गेले. त्यांनी नेहमीच्या रंगातला काप बघितला, फार वेळ नाही, आणि म्हणाले, गाठीत दुसऱ्याच पेशी येऊन बसल्या आहेत. थायरॉइडमधून, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीतून, जिच्या पेशींत केराटिन असतं. कॅन्सर.

मामा, मी ती काच चार महिने रोज बघत होते. ते पुंजके माझ्या डोळ्यांसमोर होते. मी प्रथिनांची माणूस, आजार ओळखायला मी शिकलेलीच नाही. मी फक्त रंग आला की नाही एवढंच बघत होते. सर्जननी अर्धी गाठ मिरजेला तपासायला पाठवली असेल आणि उरलेली तुम्ही मला भेट दिलीत, असं मी धरून चालले. कुणीही असंच करतं, म्हणून विचारलंही नाही. तुम्ही लिहिलं होतं "घरचा वैद्य". मी ते वाचून हसले होते. मामी वाडीला जाऊन आल्या ते वाचूनही मला वाटलं, मिरजेचा रिपोर्ट आला असणार.

बाईंनी मला प्रयोगशाळेतून बाहेर बसवलं आहे.

पॅथॉलॉजिस्ट म्हणाले की हा प्रकार त्यातल्या त्यात हळू चालणारा असतो, ऑपरेशन करायचं. त्यांनीच इथल्या सर्जनशी बोलून वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यातली. डॉ. फक्रुद्दीन यांना भेटा आणि मामींना घेऊन निघा. त्या हरभऱ्याएवढ्या गाठीला कुणी हात लावू नका.

तुमची,
नंदिनी


राजारामपुरी, कोल्हापूर
दि. १० मार्च १९८५

चि. नंदिनी,

तुझं पत्र मिळालं. आम्ही मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघतो आहोत. इकबालने तिकिटं काढली, स्वतःही येणार आहे, नको म्हटलं तरी. हे पत्र आमच्याआधी पोचावं म्हणून आज टाकतो आहे; समोर बसलो की मला यातलं काही बोलता येणार नाही.

तुझी तार मला शाळेत मिळाली, नववीच्या तासाला. उत्तराची तार शिपायाबरोबर पाठवली आणि परत येऊन फळ्यासमोर उभा राहिलो. 'देव' शब्द चालवत होतो. तृतीयेपर्यंत आलो आणि पुढे काय ते आठवेना. मुलांना वाटलं सर परीक्षा घेताहेत, म्हणून ती एका सुरात पुढे म्हणू लागली. मी उभा राहून ऐकत होतो. सप्तमीला पोचली, संबोधनाला पोचली, थांबली, आणि मला अजून कळत नव्हतं त्यांनी बरोबर म्हटलं की चूक.

परवा इकबाल पत्र घेऊन आला तेव्हा मी खुर्चीत बसलो नाही, गॅलरीत उभ्यानेच वाचलं. मग तसाच डॉ. फक्रुद्दीन यांच्याकडे गेलो. दवाखाना भरलेला होता, त्यांनी मला आत घेतलं. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, मी मिरजेच्या लॅबबद्दल बोललो होतो."

मी म्हटलं, हो, आता कळतंय.

"भाची डॉक्टर आहे म्हणालात ना?"

"होते आहे. पीएचडीची."

मीच बोलत राहिलो. सांगितलं की आमच्यात शिकलेला माणूस म्हणजे डॉक्टर, आणि प्रयोगशाळा म्हणजे प्रयोगशाळा. कुठली, कशाची, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चूक माझीही आहे, तोंडी उत्तरावर मी विश्वास ठेवायला नको होता. त्या भल्या माणसाला मी असं म्हणायला लावलं, याची मला लाज वाटली.

नंदिनी, तू स्वतःला दोष देऊ नकोस. मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. आमच्या शास्त्रात आप्तवाक्य प्रमाण मानतात, जवळच्या जाणत्या माणसाचा शब्द. पण त्याला एक अट आहे, त्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली असावी. तू माझ्या शब्दावर विसंबलीस, मी तुझ्या, आणि डॉक्टर माझ्या. पाहिलेलं कुणीच नव्हतं. पाहिलं ते त्या सशाने. त्याचं द्रव्य तू मोरीत ओतलंस, पण ओतायला लावणारा मी.

आता मामीचं. सांगायला मी एक दिवस लावला. काल दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर पाटावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं, तुझ्या पत्रातल्याच शब्दांत. माझे स्वतःचे शब्द येत नव्हते. ती निवडायची थांबली. हातातली जुडी तशीच धरून म्हणाली, "म्हणजे नंदाचं औषध चुकलं नव्हतं?"

मी म्हटलं, नाही, बरोबरच होतं.

"मग तिला कळवा आधी. चार महिने पोरीने स्वतःला बोल लावून घेतला असेल."

हे ऐकून मी उठून आत गेलो. बाळाबाई तिथे भांडी घासत होती, तिने माझ्याकडे बघून नळ बंद केला. म्हणाली, "सर, तुमी बसा की वाईच." मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला बसायला सांगितलं.

परत बाहेर आलो तर तुझी मामी बॅगेत भरायच्या गोष्टी मोजत होती. शाल घ्यायची का, मुंबईत गारठा नसतो म्हणे. कढीलिंबाला पाणी बाळाबाई घालेल. वाडीचा अंगारा पुडीत बांधून घेतला आहे. मी हो हो म्हणत होतो. मग ती मेथीकडे बघत, सहज विचारावं तशी म्हणाली, "मी बरी होईन ना हो?"

मी म्हटलं, "होशील."

ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. देठ बाजूला, पानं ताटात. चेहरा अगदी निवांत.

एवढंच तुला लिहायचं होतं. ऑपरेशनचं मला भय आहे, पण ते कुणालाही असतं. मला खरी काळजी वाटते ती याची: गेल्या वेळी मी तिला 'निरोगी' म्हणून वाचून दाखवलं आणि तिने ते खरं मानलं. काल 'होशील' म्हटलं, तेही तिने खरं मानलं. ती अजून माझ्या शब्दावर विश्वास ठेवते. आणि मला काही माहीत नाही, नंदिनी. मला काहीही माहीत नाही.

माधवमामा